पाचवा नट

ड्रिल परत द्यायला आलास ते बरं केलंस. भिंतीला टेकवून ठेव. आणि बसा तिघंही दोन मिनिटं. तुझी गाडी वळणावर होती तेव्हाच मला आत कळलं, पुतणे महाराज आले म्हणून. आवाज केवढा तो! समोरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या, पाहिलंस ना?

चाकं बदललीस म्हणे. सायलेन्सरही बदललास. कधी? आज दुपारी. आणि आता रात्रीच तीनशे किलोमीटर निघालात. नवी चाकं घातली की थोडी गाडी चालवून नट पुन्हा एकदा आवळून घ्यायचे असतात, हे सांगितलं का तुझ्या त्या दुकानदारानं? दात काय काढतोस? सांगितलं की नाही?

नाही. वाटलंच मला.

बरं, नऊ वाजलेत. एक गोष्ट सांगतो, साडेनऊला सुटाल. मध्ये कुणी बोलायचं नाही, मोबाईल पालथे ठेवायचे. आणि कप त्या टेबलाच्या काचेवर जरा जपून ठेवा.

माझी लेथ चालू होती तेव्हाची गोष्ट आहे. माझ्या शेडच्या शेजारी दोन भावांची शेड होती, मध्ये नुसता पत्रा. थोरला चाकांचं काम करायचा, धाकटा सायलेन्सरचं. दोघांचेही हात सोन्याचे. पण बापाच्या मागे कशावरून तरी बिनसलं आणि बोलणं बंद झालं. चार वर्षं! एका छताखाली, एकाच गाडीवर काम करायचे आणि एकमेकांशी अवाक्षर नाही. वर दोन खोल्यांत दोघांचे संसार होते. जावा जावा बोलायच्या, पण नवरे समोर आले की त्यांचीही तोंडं बंद.

मग काम कसं चालायचं? खुणांनी. धाकटा गाडीखाली असला की हातोडीनं पाइपवर ठोकायचा. दोनदा ठोकलं की माझं झालं, गाडी उतरव. एकदा ठोकलं की थांब. आणि थोरल्याची खूण म्हणजे पिवळा रंग. चाक बसवलं, गाडी जमिनीवर उतरवली, टॉर्क पान्यानं नट आवळला, की नटावरून चाकावर एक पिवळी रेघ ओढायची. तो पाना ठरलेला जोर झाला की कट् असा वाजतो. वाजला की रेघ. पुढे नट जरा जरी ढिला झाला तरी रेघ तुटलेली दिसते. त्या शेडमध्ये पिवळी रेघ म्हणजे थोरल्याचा शब्द होता.

आणि बापाचा एक नियम दोघंही पाळत होते. ज्याचं काम शेवटी संपेल त्यानं शेड झाडायची आणि कुलूप लावायचं.

एकदा एका दातांच्या डॉक्टरनं गाडी आणली. दोन दारांची, लांब नाकाची, लांबच्या प्रवासाला बनवलेली स्पोर्ट्स कार. राखाडी रंगाची. जुनीच घेतलेली, पण काय देखणी! मी लेथ बंद करून बघायला गेलो होतो. डॉक्टरला मोठी चाकं हवी होती आणि आवाज हवा होता. "रस्त्यावर लोकांनी वळून बघितलं पाहिजे," म्हणाला. दुसऱ्या दिवशी दहाला गाडी न्यायला येणार होता.

संध्याकाळी गाडी लोखंडी घोड्यांवर उचललेली होती, चारी चाकं हवेत. थोरल्यानं नवी चाकं चढवली, वीसच्या वीस नट हातानं फिरवून ठेवले. आता गाडी उतरल्याशिवाय पुढचं काम होत नाही. आणि धाकटा खाली वेल्डिंग करतोय. थोरल्यानं पाना जमिनीवर आपटून विचारलं, झालं का? खालून एकदा. ठक्. थांब. अर्ध्या तासानं परत विचारलं. ठक्. साडेआठला परत. ठक्.

थोरल्याचं डोकं फिरलं. लहान भाऊ मला थांबायला सांगतो! मी इथं ताटकळायचं, आणि वर शेडही मीच झाडायची! त्यानं रंगाची डबी घेतली, ब्रश घेतला आणि एकही नट न आवळता विसांवर वीस रेघा ओढल्या. म्हणजे काय, तर माझं काम संपलं, आता तू झाड. पाना खिळ्याला अडकवला आणि वर जेवायला गेला. सकाळी लवकर येऊन आवळू, डॉक्टर काय दहाशिवाय येत नाही, असा त्याचा हिशेब.

एवढ्यासाठी, रे. एका झाडूसाठी.

धाकट्याचं काम साडेबाराला संपलं. त्यानं रेघा बघितल्या, गाडी उतरवली, शेड झाडली आणि गाडी बाहेर काढली. तो नेहमीच काढायचा. सायलेन्सरवाल्याला रस्ता रिकामा असतानाच कळतं, कुठे काय खडखडतंय ते. हे थोरल्याला माहीत होतं की नव्हतं? तो म्हणतो, त्या दिवशी विसरलो. ते येईल पुढे.

पाण्याच्या टाकीच्या वळणावर मागचं डावं चाक निघालं. गाडी दोन कोलांट्या खाऊन भिंतीवर गेली. धाकटा जागच्या जागी गेला.

पोलीस आले. चाक शेतात सापडलं, नट रस्त्याकडेला सापडले. पाचापैकी चार. पाचवा काही मिळाला नाही. चाकावर प्रत्येक भोकाशेजारी अर्धी पिवळी रेघ, सापडलेल्या नटांवर उरलेली अर्धी. साहेबांनी विचारलं, ही रेघ कसली? थोरल्यानं सांगितलं, आवळल्याची. मग बाकीच्या चाकांना कुणी हातही लावला नाही, सगळे धरूनच चालले की नट आवळलेले होते, याचाच वेग भलता होता. कुणीतरी पुस्ती जोडली, प्यायला असेल. थोरला पुढे उभा होता. तो म्हणाला, "असेलही. वेगाची खाज होतीच त्याला."

मी पत्र्याच्या या बाजूला होतो. ऐकलं मी हे.

धाकट्याच्या बायकोचं वय तेव्हा बत्तीस. तिला धाकटीच म्हणू. नवरा गेला ते गेला, वर दारुडा म्हणून गेला. येणारा जाणारा तिला शहाणपण शिकवायचा. तिनं पदर खोचला आणि शेडच्या पुढच्या भागात बसून गाड्यांची कामं घ्यायला लागली. थोरला मान वर करून तिच्याकडे बघायचा नाही. लोक म्हणायचे, काय मर्यादा पाळतो! मर्यादा कसली डोंबलाची. ते निघालेलं चाक पोलिसांकडून परत आलं, ते मागच्या भिंतीवर टांगलेलं असायचं. थोरल्याला ते काढायचा धीर होत नव्हता आणि बघवतही नव्हतं.

तेरा महिने गेले.

जानेवारीची सतरा तारीख, शुक्रवार. दोन दारांची एक काळी गाडी आली. मालक वकील. जुनी घेतलेली, चाकं बदला, सायलेन्सर बदला, उद्या सकाळी सातला हवी. धाकटीनं काम घेतलं. तिला काय माहीत? थोरल्यानं गाडी घोड्यांवर उचलली, खाली बॅटरी मारली आणि तसाच उकिडवा बसून राहिला. सायलेन्सर धरणाऱ्या पट्टीवर वेल्डिंग होतं. बारीक, सरळ, शिवणयंत्राच्या टिपेसारखं. तसं वेल्डिंग त्या भागात एकच माणूस करायचा.

ठोकलेली गाडी कुणीतरी दुरुस्त करून विकली होती, रंग बदलला होता. गाडी तीच होती.

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार. त्यानं जुनी चाकं उतरवायला घेतली. सायलेन्सर बसवायला बाहेरचा वेल्डर बोलावला होता, तो सहाला काम संपवून निघून गेला. नवी चाकं घेऊन येणारा टेम्पो उशिरा, दहाला आला. वर सगळे झोपले. थोरल्यानं थंडी म्हणून शटर आतून ओढून घेतलं, चाकं चढवली आणि गाडी जमिनीवर उतरवली. घड्याळात अकरा वीस. मला हे सगळं त्यानं स्वतः सांगितलंय, त्यामुळे मी पदरचं काही घालत नाहीये.

या वेळी त्यानं नियमानं काम केलं. पुढचं उजवं. कट्, रेघ. कट्, रेघ. पुढचं डावं. मागचं उजवं. मग मागचं डावं. पाचही नट आवळले. पाचही वेळा पाना वाजला. पाच रेघा ओढल्या आणि तो पाठ सरळ करायला उभा राहिला.

ठक्.

गाडीखालून.

लोखंड गार होताना वाजतं कधी कधी. पण इंजिन दुपारपासून बंद होतं. तो वाकला, बॅटरी मारली. गाडी आणि जमीन यांच्यात चार बोटांची जागा. मांजर शिरणार नाही. खाली काही नव्हतं.

तो उठला.

ठक्.

चार वर्षं ज्या खुणेवर काम केलं ती खूण माणूस विसरतो होय? त्याचा हात आपोआप गेला. त्यानं पाना जमिनीवर दोनदा आपटला. झालं का?

उत्तर लगेच आलं. एकदाच.

थांब.

तो थांबला. काय करणार? मग त्याचं लक्ष चाकाकडे गेलं. मागचं डावं. पाच रेघांमधली एक तुटली होती. नटावरची अर्धी एका बाजूला, चाकावरची दुसऱ्या बाजूला. ओला रंग होता, ब्रश चुकला असेल. त्यानं पाना लावला. नट सैल. आवळला. कट्. पुसून नवी रेघ ओढली.

डोळ्यांसमोर तुटली.

नट फिरत होता. हळू. कुणी हात न लावता.

इथं दुसरा कुणी पळाला असता. पण हा थोरला होता, आणि त्याला काय आला माहितीये? राग. भीतीच्या वर राग आला. तो ओरडला, "जिवंत होतास तेव्हा माझ्या कामात खोड काढलीस, आता मेल्यावरही काढतोस? सांगितलं होतं का मी तुला गाडी बाहेर काढायला?"

टण्.

नट फरशीवर पडला. घरंगळत त्याच्या पायापाशी आला. थांबला.

टण्. दुसरा.

तिसरा.

चौथा.

पाचवा अर्ध्यावर येऊन अडकला... आणि इंजिन सुरू झालं.

किल्ली त्याच्या खिशात होती. त्यानं चाचपून बघितलं. खिशातच होती.

नव्या सायलेन्सरचा आवाज बंद शेडमध्ये कसा लागतो, ठाऊक आहे? पत्रा थरथरतो. खिळ्यांवरचे पाने खाली पडायला लागले. धूर भरला. तो शटरकडे धावला, कडी हलेना. मागं वळला तर गाडीनं आचका दिला. एक इंच पुढे. परत एक इंच. गाडीत कुणी नाही. त्याच्या पाठीशी शटर, समोर ते लांब नाक. मागचं डावं चाक डुगडुगतंय.

आणखी एक इंच.

तो गुडघ्यांवर आला. म्हणाला, सोड. आवाजात त्याचं त्यालाच ऐकू येईना. मोठ्यानं म्हणाला. इंजिन आणखी चढलं. मग तेरा महिने जे घशात होतं ते बाहेर पडलं. जीव तोडून ओरडला तो, त्या आवाजाच्याही वर...

"आवळले नव्हते मी! नुसत्या रेघा ओढल्या होत्या! एकही नट आवळला नव्हता!"

शेवटच्या वाक्याच्या आधी इंजिन बंद पडलं होतं.

शांत.

तेवढं एक वाक्य शेडमध्ये घुमलं. स्वच्छ. एकेक शब्द.

मग शटरच्या पलीकडून आवाज आला. अगदी हळू.

"भाऊजी... शटर उघडा."

धाकटी होती. तो सायलेन्सर ऐकून झोपेतून उठून खाली आली होती. सगळी आळी उठली असेल, पण खाली आली ती एकटी.

कडी आता सहज सरकली. ती आत आली. ना गाडीकडे बघितलं, ना खाली पडलेल्या नटांकडे. म्हणाली, "परत सांगा."

त्यानं परत सांगितलं.

"प्यायले होते ते?"

"नव्हता."

तिनं कोपऱ्यातल्या झाडूकडे बघितलं. मग एकच विचारलं तिनं. "त्या दिवशी सकाळी शेड झाडलेली होती?"

"हो," तो म्हणाला. "कोपरेसुद्धा."

तेव्हा ती रडली. तेरा महिन्यांत पहिल्यांदा. रडता रडता म्हणाली, "तुमच्या रेघेवर विश्वास ठेवून गेले हो ते. बोलत नव्हते तुमच्याशी, पण तुमची रेघ त्यांना पुरायची." आणि पायातली चप्पल काढून तिनं त्याच्या तोंडावर फेकली. बरं केलं. मीही फेकली असती.

सकाळी सातला वकील आला, त्याला गाडी तशीच ओढून न्यायला सांगितली. आठला ती थोरल्याला घेऊन पोलिसांत गेली. त्यानं जबाब लिहून दिला. धाकट्याच्या नावावरचा डाग पुसला. थोरल्याला जी व्हायची ती शिक्षा झाली, धंदा गेला, बायको माहेरी गेली. धाकटीनं शेड एकटीनं चालवली. आजही चालवते. तिच्या शेडमध्ये रेघ ओढायला एक माणूस असतो आणि आवळायला दुसरा, आणि दोघांना एकमेकांशी मोठ्यानं बोलावं लागतं.

ते भिंतीवरचं चाक तिनं मला दिलं. म्हणाली, वितळवा, फेका, काहीही करा, माझ्या नजरेसमोर नको. मी घरी आणलं. माझ्या हातानं घासून धुतलं. पाच भोकं, पाचही रिकामी, प्रत्येकाच्या कडेला रेघेचा अर्धा तुकडा. तो काही घासून निघाला नाही. चांगल्या धातूचं चाक होतं, टाकवेना. कंजूष माणूस मी.

सुटून आल्यावर थोरला एकदा माझ्याकडे आला. तिथं बसला होता, तू बसलायस तिथंच. पार खंगला होता. हे सगळं त्यानं तेव्हाच मला सांगितलं. ऐकून मी त्याला विचारलं, जे पोलिसांनी विचारलं नाही, धाकटीनंही विचारलं नाही. म्हटलं, तुझा भाऊ प्रत्येक गाडी रात्री बाहेर काढायचा. रोज. मला पत्र्यातून ऐकू यायचं. तुला खरंच माहीत नव्हतं, त्या रात्रीही काढेल म्हणून?

त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं. म्हणाला, "विसरलो होतो. शपथेवर सांगतो. विसरलो होतो."

ठक्.

आमच्या दोघांच्या मधून. चहा सांडला.

एकदाच.

तो उठून गेला, चपला न घालता. परत आला नाही कधी. कुठं असतो, ठाऊक नाही. विचारू नका.

...

कप उचला. तिघांचेही. आता ती काच दोन्ही बाजूंनी धरा आणि भिंतीला लावून ठेवा. सांभाळून.

हो. तेच चाक.

चार भोकं रिकामी आहेत ना? पाचव्यात बघ. पिवळी रेघ नटावर अर्धी, चाकावर अर्धी. जुळल्या की नाही बरोबर? एका केसाचा फरक नाही. हा तो न सापडलेला. थोरला इथं बसला होता त्या संध्याकाळी आला, त्या आधी नव्हता. कोपऱ्यात पाना आहे, घे. फिरव. लाव जोर, तालमीत जातोस म्हणे. लाव अजून. नाही हलत? दोन पाने मोडलेत मी त्यावर.

आता चाक उलटं कर. नट कशावर आवळला जातो? मागे बोल्ट असावा लागतो. हात घाल मागून आणि सांग मला, तो नट कशावर आवळलाय.

सांग की.

"काका... मागे काहीच नाही."